मीठ टाकलं म्हणजे समुद्र होत नाही

"सर, तुम्ही इतकी वर्षं डिस्कस सांभाळताय. मरीन म्हणजे तुमच्यासाठी हातचा मळ. फक्त मीठ टाकायचं."

पुण्यातल्या ज्या ज्या दुकानात मी खाऱ्या पाण्याच्या टँकची चौकशी करायला गेलो, तिथे थोड्याफार फरकाने हेच ऐकलं. एवढ्यावर थांबले असते तर हसून सोडून दिलं असतं. पण त्या वाक्यामागून जे येतं ते हसण्यासारखं नसतं. बाटलीतले बॅक्टेरिया येतात, "आज भरा, रविवारी मासे सोडा" येतं, आणि शेवटी ते उदार आश्वासन: "मेले तर या, पुढचे निम्म्या किमतीत देतो." मासा मरणार हे विक्रेत्याला विकतानाच ठाऊक आहे, आणि त्याचा हिशोब त्याने सवलतीत आधीच धरून ठेवला आहे.

दुकानदाराला मात्र एकट्याला झोडपण्यात अर्थ नाही. त्याचं हे बोलणं चालतं, कारण समोर आपण उभे असतो. आपण म्हणजे गोड्या पाण्यातले अनुभवी. चारजणांना एंजलच्या जोड्या लावून दिल्या, सोसायटीतल्या पोरांना गप्पी वाटले, प्लँटेड टँकचे फोटो पाहून लोकांनी वाहवा केली, की माणूस स्वतःला मत्स्यशास्त्रज्ञ समजू लागतो. वासरांत लंगडी गाय शहाणी. नवखा माणूस निदान घाबरून चार प्रश्न विचारतो. अनुभवी माणूस विचारतच नाही, उलट दुकानदारालाच दोन गोष्टी शिकवून येतो. विहिरीत सूर मारणाऱ्याने त्याच तोऱ्यात मालवणच्या लाटेत उडी घ्यावी, तसला हा प्रकार. फरक इतकाच की इथे बुडतो तो मासा.

आता ही लाट नेमकी कुठे आपटते ते सांगतो.

गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्या अंगातलं द्रव्य बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट, त्यामुळे पाणी आपणहून आत शिरतं आणि त्याची मूत्रपिंडं ते दिवसभर बाहेर फेकत राहतात. समुद्री माशाचं सगळं उलटं. बाहेर लिटरमागे 35 ग्रॅम क्षार, अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं, म्हणून तो समुद्र पितो आणि नको असलेलं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. हे काम त्याला क्षणभर थांबवता येत नाही. पाण्याची घनता 1.025 वरून भलतीकडे सरकली की त्याचा भुर्दंड मासा स्वतःच्या शरीरातून भरतो. आपला गप्पी आज नळाच्या पाण्यात, उद्या टँकरच्या पाण्यात, परवा चिमूटभर मिठात जगतो. त्याच्या सोशिकपणाला आपण आपलं कौशल्य समजत आलो आहोत.

दुसरी गोष्ट अमोनियाची. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक विषारी, एक बराचसा निरुपद्रवी. कुठलं रूप किती, हे पाण्याचा पीएच ठरवतो. पीएच 7 असेल तर विषारी भाग एक टक्काही नसतो. समुद्राच्या 8.2 ला तोच सात-आठ टक्क्यांवर जातो. म्हणजे पट्टीवर दिसणारा जो आकडा तुमच्या प्लँटेड टँकमध्ये चालून गेला, तोच आकडा खाऱ्या टँकमध्ये दहा पटींहून जास्त जहाल ठरतो. वर ऑक्सिजनही कमी. 25 अंशांना गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. एवढं ठाऊक झाल्यावर "आज भरा, रविवारी सोडा" म्हणणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

त्यातून "सायकलचा मासा" नावाचा एक नीच प्रकार आहे. टँकमध्ये जिवाणूंची वस्ती व्हायला अमोनिया लागतो, म्हणून स्वस्तातले दोन-चार डॅमसेल सोडायचे. ते अमोनियात भाजत राहतात. जगले तर टँक तयार, मेले तर सडून अमोनिया देतात, म्हणजे तरीही टँक तयार. वाचणारे डॅमसेल पुढे इतके भांडकुदळ निघतात की मागून आणलेल्या किमती माशांच्या शेपट्या कुरतडतात. मला त्यांचं वागणं पूर्ण समजतं. हा प्रकार सुचवणारे लोक मात्र बिनमाशाची सायकल ऐकून नाक मुरडतात. बाजारात अमोनियम क्लोराइड मिळतं, तेही नको असेल तर कोळंबीचा एक तुकडा टाकून ठेवला तरी काम होतं. फक्त त्याला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात दुकानाचा दुसरा मासा विकला जात नाही.

माझ्या घरी सध्या हेच चाललं आहे. दोनशे लिटरचा टँक, कोरडा दगड, पांढरी वाळू, वेव्हमेकर फिरतोय, स्किमर गुरगुरतोय, आणि आत एकही मासा नाही. आधी कोळंबीच्या तुकड्यावर बुरशीची पांढरी दुलई चढली. अमोनिया तपासायच्या परीक्षानळीतला पिवळा रंग गर्द हिरवा झाला, मग हळूहळू परत पिवळा. त्यानंतर पांढऱ्या वाळूवर डायटमचा तपकिरी थर आला, काचेवरून बोट फिरवलं तर रेघ उमटेल इतका. आईचं रोजचं पालुपद सुरू आहे: "अरे, एवढी वीज जाळतोस, पाणी नुसतं फिरतंय. आत काय आहे?" मी सांगतो, "जंतू आहेत." ती म्हणते, "जंतू पाळायला एवढे पैसे?" नेमकं बोलली. सुरुवातीचे दीड-दोन महिने पैसे जंतूंसाठीच द्यायचे असतात. ज्याला हे पटत नाही त्याने खाऱ्या पाण्याच्या वाटेला जाऊ नये.

पाण्याबद्दलही आपली समजूत अशीच. टेबलावरचं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. समुद्रातल्या क्षारांपैकी 85 टक्क्यांच्या आसपास तेच असलं तरी उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट अशी सगळी मंडळी आहेत आणि त्यांच्यावाचून पाणी नुसतं खारट होतं. म्हणून मरीन सॉल्ट वेगळं विकत घ्यावं लागतं. दोनशे लिटरला सुमारे सात किलो, आणि पुढे दर पाणीबदलाला पुन्हा. एका दुकानात मला गंभीर चेहऱ्याने सैंधव सुचवण्यात आलं. उपवासाला चालतं म्हणून असेल.

हे मीठ कशात विरघळवायचं, तर शुद्ध पाण्यात. "घरी आरओ आहे ना, झालं!" असं म्हणणारे पायलीचे पन्नास भेटतील. स्वयंपाकघरातल्या आरओत चव राहावी म्हणून बहुतेक वेळा थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळलेलं असतं, किंवा खनिजं घातलेली असतात. त्याचा टीडीएस शून्य येत नाही, येऊही नये, ते माणसाच्या पिण्याचं आहे. टँकसाठी आरओपुढे उरलेसुरले क्षार टिपणारं डीआयचं नळकांडं लागतं. पुण्याच्या नव्या उपनगरांत जिथे सोसायटी बोअरवेल आणि टँकरवर जगते, तिथे तर ह्या बसॉल्टच्या दगडातून आलेलं जड पाणी त्या डीआय रेझिनचा फडशा पाडतं. हा खर्च कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

ह्या सगळ्याला वैतागून काही महाभाग थेट समुद्र गाठतात. सुट्टीत अलिबागला गेले की वीस-वीस लिटरचे कॅन भरून आणायचे. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की जुने जाणते नैसर्गिक पाणीच वापरत. वापरत होते, खरं आहे. जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी 1961 साली नैसर्गिक समुद्राचं पाणी, प्रवाळखडकाचे जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टँक चालवण्याची पद्धत जगापुढे मांडली, आणि आजच्या रीफ टँकची मुळं तिथवर जातात. पण त्यांच्या दाराशी प्रवाळांचा समुद्र होता. आपल्या दाराशी मुंबईचा आहे, जिथे वरळी आणि वांद्र्याहून शहराचं सांडपाणी नळ टाकून खोल पाण्यात सोडलं जातं, आणि पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी किनाऱ्याची क्षारता पार बदलून टाकतं. ते कॅनमध्ये भरून खोपोलीच्या घाटाने वर आणायचं आणि त्याला नैसर्गिक म्हणायचं!

टँकमधलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. शाळेतल्या पोराला हे मिठागरांच्या धड्यात शिकवतात. तरीही पातळी कमी झाली की अनुभवी गृहस्थ खारं पाणीच ओततात, कारण "टँक खारा आहे". महिन्याभरात क्षारता कुठल्या कुठे जाते. भर घालायची ती गोड्या शुद्ध पाण्याची, रोज. चार दिवस गावाला गेलात तर कुणाला तरी सांगून जायचं. एप्रिल-मेमध्ये तर जास्तच, कारण तेव्हा पाणी थंड ठेवायला पृष्ठभागावर पंखे लावावे लागतात. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्याने दोन-तीन अंश उतरतात. मुंबईच्या दमट हवेत तेवढंही होत नाही, तिथे चिलर घ्यावा लागतो, आणि चिलरची किंमत ऐकून अर्धे उमेदवार तिथेच गळतात. गळोत. 25-26 अंशांत राहणाऱ्या जिवाला 33 अंशांत उकडण्यापेक्षा ते बरं. मग पुण्यातला वीज जाण्याचा गुरुवार आहेच. देखभालीसाठी वीज गेली की वेव्हमेकर बंद, स्किमर बंद, आणि आधीच कमी असलेला ऑक्सिजन खाली. गोड्या पाण्याच्या टँकला दुपारभर काही होत नाही म्हणून आपण बिनधास्त ऑफिसात बसतो. इथे इन्व्हर्टर किंवा बॅटरीचा एअरपंप मासे यायच्या आधी घरात पाहिजे.

आजाराचं एकच सांगतो. गोड्या पाण्यातल्या माणसाचा औषधाचा डबा तीन वस्तूंचा: खडे मीठ, हीटर आणि मिथिलीन ब्लू. अंगावर पांढरे ठिपके दिसले की मीठ टाका, तापमान वाढवा, आठवड्यात मासा ठणठणीत. समुद्री माशालाही पांढरे ठिपके येतात, पण तो परजीवी वेगळा, क्रिप्टोकॅरियन. त्याला मीठ काय दाखवता, तो मिठातच जन्मला. त्यावर तांब्याचं औषध चालतं, पण तेच तांबं टँकमधल्या कोळंब्या, गोगलगायी, प्रवाळ सगळ्यांना मारतं आणि दगडात मुरून बसतं. म्हणून मासे वेगळ्या टँकमध्ये काढून औषध द्यायचं आणि मुख्य टँक अडीच महिने बिनमाशाचा ठेवायचा, म्हणजे तळाशी दडलेली पिल्लावळ यजमान न मिळून मरते. ज्याच्याकडे हा वेगळा टँक आधीपासून तयार नाही त्याला मी खाऱ्या पाण्यातला म्हणत नाही, मग त्याच्या हॉलमध्ये कितीही लाखांची काच असो.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

तुमच्या हातून गप्पी मेला, मॉली मेली, एंजल मेला, तर वाईट झालं. पण ते मासे बहुतेक करून शेतातल्या हौदात वाढलेले असतात. चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी कुटुंबंच्या कुटुंबं त्यावर जगतात. एक मेला तर हौदातून दुसरा येतो, नदीतून कुणी काढत नाही. खाऱ्या पाण्यात तसं नाही. विक्रीला येणाऱ्या बहुतेक समुद्री जाती आजही थेट खडकावरून पकडलेल्या असतात. तुमचा मेलेला मासा म्हणजे समुद्रातला एक मासा कमी. फिलिपिन्समध्ये 1960 च्या दशकापासून आणि पुढे इंडोनेशियातही सोडियम सायनाइडचं पाणी प्रवाळाच्या फटीत फवारून मासे गुंगवून काढण्याचा धंदा चालत आला आहे. कायद्याने बंदी आहे, पण धंदा पुरता थांबलेला नाही. प्रवाळ जागेवर मरतो, मासा शुद्धीवर येतो, विमानात बसतो, आणि काही आठवड्यांनी तुमच्या टँकमध्ये विनाकारण मरतो. तुम्ही पीएच तपासत बसता.

निमोचा सिनेमा 2003 चा. त्यातली निळी डोरी, म्हणजे ब्लू टँग, बंदिस्त प्रयोगशाळेत पहिल्यांदा वाढवता आली ती 2016 साली, फ्लोरिडात. मधल्या सगळ्या वर्षांत पोरांच्या हट्टापायी विकली गेलेली प्रत्येक डोरी समुद्रातून उचललेली होती. ती वाढते एक फूट. विकतात ती दोन बोटांएवढी, दोन फुटांच्या टँकसाठी.

मागे एका दुकानात निळ्या दिव्याखाली एक मँडरिन पाहिला. काय तो मासा! निळ्यावर नारिंगी नक्षी, पैठणीच्या पदराला लाजवणारी. "खातो का?" मी विचारलं. "सगळं खातो सर." मी पांढरा दिवा लावायला सांगितला. त्याने कुरकुर करत लावला. पोट पाठीला टेकलेलं, डोक्यामागचा भाग खपाटीला गेलेला. दाणे टाकले. दाणे त्याच्या नाकासमोरून तळाशी गेले, त्याने वळूनही पाहिलं नाही. तो आपला दगडावर टोचत फिरत होता. ह्या माशाला लागतात कोपेपॉड, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जिवंत किडे, दिवसभर, शेकड्याने. जुन्या मुरलेल्या मोठ्या टँकमध्ये ते मिळतात, दुकानाच्या उघड्या काचेत मिळत नाहीत. तो माशांच्या नव्हे, भुकेच्या दुकानात होता. "सेन्सिटिव्ह आहे, पण तुमच्यासारख्या अनुभवी माणसाकडे जगेल," दुकानदार म्हणाला. हेच वाक्य तो सगळ्यांना ऐकवत असणार, आणि आपल्यातला प्रत्येकजण ते स्वतःबद्दलचं समजून खिशात हात घालतो.

प्रवाळांचं तर विचारूच नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, त्याच्या अनुसूची एकमध्ये 2001 साली प्रवाळ आले, समुद्रघोडे आले. वाघाला जे संरक्षण तेच ह्यांना. शिक्षा तीन ते सात वर्षं. मन्नारच्या आखातातला, अंदमान-लक्षद्वीपचा किंवा आपल्या मालवणचा दगड "लाइव्ह रॉक" म्हणून विकणारा आणि घेणारा, दोघेही त्या कलमात बसतात. बाहेरून रीतसर आणलेला माल असेल तर त्याची साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराखालची परवानगी आणि आयातीचे कागद असतात. मी कागद मागितले की समोरचा माणूस अचानक फोनवर बोलू लागतो. तरीही डॉक्टरांच्या वेटिंगरूमपासून बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटपर्यंत जिवंत प्रवाळाचे टँक बसवून देणारे इंटिरियरवाले आहेतच. सोफ्याच्या रंगाला जुळणारा प्रवाळ हवा म्हणणारी गिऱ्हाइकंही आहेत.

मग पाळूच नये का? तसं मी म्हणत नाही, म्हटलं तर माझ्याच हॉलमधला टँक मला हसेल. पाळावं, पण पहिला टँक म्हणजे क्लाउनफिशची जोडी, आणि तीही हौदात जन्मलेली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या कित्येक जातींचं प्रजनन करून दाखवलं आहे. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाची शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी आहे आणि तिथली पिल्लं वाढवून किनाऱ्यावरच्या लोकांना दोन पैसे मिळावेत हा तिचा उद्देश आहे. हौदातला क्लाउन पहिल्या दिवसापासून दाणे खातो, त्याला ॲनिमोन लागत नाही, सिनेमात काहीही दाखवलं असो. कोरडा दगड घ्या, स्किमर घ्या, रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि त्यातली रेघ 35 क्षारतेच्या द्रावणावर जुळवा. एक वर्ष दुसरं काही आणू नका. दोन माशांत कंटाळा येत असेल तर तुम्हाला मासे नको आहेत, शोपीस हवा आहे. तो काचेचा मिळतो.

आणि दुकानात उभे असाल तेव्हा निळा दिवा बंद करायला लावा. मग दोनच गोष्टी विचारा: हा मासा कुठे जन्मला, आणि आत्ता माझ्यासमोर खातो का? दोन्हीची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर पाकीट खिशात ठेवा आणि घरी जा. तुमच्या अनुभवाचं कौतुक करणारा दुकानदार भेटला, तर जरा लवकरच जा.